आधी भोकं बघायची, मग नक्षी

मागच्या दिवाळीतली गोष्ट. आई चकलीची भाजणी मळून बसलेली आणि सोऱ्याची चकती काही सापडेना. घरभर शोधाशोध झाली, शेवटी माझ्या टेबलावरून एक काळं गोल लोखंड उचलून म्हणते, "अगं ही इथे आणून ठेवलीस होय, आणि एवढी जड कुठली घेतलीस?" तर ती चकती नव्हती, तो त्सुबा होता. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधे बसणारं जे गोल कडं असतं ना, हात पात्यावर घसरू नये म्हणून, ते. जाळीकाम असलेला होता त्यामुळे चकली नाही पण शेव बऱ्यापैकी पडली असती त्यातून. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या सगळ्या त्सुब्यांना सोऱ्याच्या चकत्याच म्हणतात आणि आता मीही भांडत नाही.

(हो, मी त्याला सरळ मराठी प्रत्यय लावून टाकलेत, त्सुबा, त्सुब्याला, त्सुबे. जपानी बिचारे एकवचन-अनेकवचन करतच नाहीत, पण आपल्याला त्याशिवाय चैन पडत नाही.)

मी कधीतरी फोटो टाकते तेव्हा ओळखीतले लोक हमखास विचारतात की हे ओळखायचं कसं, यावर हे काय काढलंय, आणि एक जण तर "यावर हार्ट का आहे, रोमॅंटिक सामुराई होता का" म्हणून हसला होता. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही, पुण्यात जपानी शिकले, कंपनीने ऑनसाइट पाठवलं, तीन वर्षं आइची प्रीफेक्चरमधे होते आणि रविवारी करायला काही नव्हतं म्हणून हे वेड लागलं. शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी. रिटायर्ड माणूस, घरात चाळीसेक त्सुबे, छोट्या चपट्या लाकडी डब्यांतून ठेवलेले. पहिल्या दिवशी मी एक हातात घेतला आणि लगेच "अय्या, बगळे!" केलं. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, उलटा केला, परत दिला आणि म्हणाले, चित्र सगळ्यात शेवटी. आधी भोकं.

भोकांकडे येतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा वेगळा छंद का आहे तेच कळणार नाही. आपल्याकडच्या तलवारीची मूठ आणि परज एकसंध असते आणि पात्याचा मागचा भाग त्यात लाख किंवा राळ ओतून पक्का बसवतात. एकदा बसली की बसली. जपानी कताना मात्र सगळी सुटी होते. मुठीतून आरपार जाणारी बांबूची एक खुंटी असते, ती ठोकून काढली की मूठ निघते, मग एक पातळ वॉशर, मग त्सुबा, मग अजून एक वॉशर, आणि मागे उरतं नुसतं पातं. त्यामुळे पातं आजोबांचं, त्सुबा नातवाच्या आवडीचा असं सर्रास चालायचं. दरबारात जाताना वेगळा, रोजचा वेगळा. पातं बदलायला परवडायचं नाही पण त्सुबा बदलता यायचा, म्हणून मग ती स्वतंत्र कला झाली, तिची घराणी झाली, घराण्यांची भांडणं झाली. त्या वॉशरला सेप्पा म्हणतात आणि तो अडकून बसला की तलवार म्यानातून बाहेरही येत नाही आणि आतही नीट जात नाही, त्यावरून जपानीत "सेप्पा त्सुमारु" म्हणजे कोंडीत सापडणं. आमचे मॅनेजर रिलीजच्या आधीच्या आठवड्यात हा शब्द दिवसातून चार वेळा वापरायचे, आणि त्यांना तो तलवारीतून आलाय हे मी सांगितल्यावर कळलं.

तर भोकं. त्सुबा हातात घ्या, मधे एक उभं त्रिकोणी भोक दिसेल, ते नाकागो-आना, पात्याची शेपटी यातून जाते. त्याची एक बाजू टोकदार असते आणि एक सपाट. टोकदार बाजूला धार, सपाट बाजूला पाठ. कताना कमरेला खोचतात ती धार वर करून, म्हणून त्सुबा बघताना टोक वर ठेवायचं. ही गोष्ट नेटवर फोटो टाकणारे अर्धे लोक चुकवतात आणि मग समुद्राच्या लाटा आकाशातून खाली लोंबताना दिसतात. या भोकाच्या भोवती लंबगोल साधी जागा सोडलेली असते, सेप्पा-दाई, वॉशर तिथे टेकतो. तिथे नक्षी नसते, सही असेल तर तिथेच असते, म्हणजे कारागिराने आपलं नाव अशा जागी कोरलंय जी तलवार जोडल्यावर कोणालाच दिसणार नाही. मला हे फार आवडतं.

आता मधल्या भोकाच्या डावी-उजवीकडे बघा. टोक वर आणि पुढची बाजू आपल्याकडे असेल तर डावीकडचं भोक अर्धचंद्रासारखं असतं, ते कोझुकासाठी, म्हणजे म्यानाच्या कडेला खोचलेली छोटी सुरी. उजवीकडचं तीन फुगवट्यांचं असतं, ते कोगाईसाठी, केस सारखे करायची धातूची काडी. सुरी शरीराच्या बाजूला, काडी बाहेरच्या बाजूला. यावरून पुढची बाजू कुठली, मागची कुठली हे कळतं. दोन्ही भोकं नसतील तर एकतर खूप जुना किंवा अशा म्यानासाठी बनवलेला जिथे सुरी-काडी नव्हतीच. एकच असेल तर बहुतेक वाकिझाशीचा, म्हणजे कतानाबरोबर घालायची धाकटी तलवार. पण खरी मजा बुजवलेल्या भोकांची. एखाद्याने नवीन म्यान करून घेतलं, त्यात काडीची सोय नाही, मग ते भोक शिशाने भरून टाकलं. श्रीमंत असेल तर सोन्याने. मधल्या भोकाच्या वर-खाली तांब्याचे लाल तुकडे ठोकलेले दिसतात ना, ते त्सुबा दुसऱ्या पात्यावर नीट बसावा म्हणून, आणि भोकाभोवती छिन्नीचे ठोके दिसतात ते पण त्यासाठीच, लोखंड जरा आत ढकलून पकड घट्ट करायला. माझ्याकडच्या एका त्सुब्याला वरून दोन आणि खालून एक असे तांब्याचे तुकडे आहेत, वरचे दोन वेगवेगळ्या रंगाचे. म्हणजे हा किमान दोनदा घर बदलून आलाय, कदाचित तीनदा. चित्रावरून हे कधीच कळलं नसतं.

भोकांनंतर बाहेरचा आकार. सगळ्यात जास्त सापडतो तो मारु, साधा गोल, आणि त्याचा थोडा उभट भाऊ. कतानाचा साधारण 7.5 ते 8 सेंटिमीटर, धाकट्या तलवारीचा सेंटिमीटरभर लहान. मग मोक्को. हा चार पाकळ्यांचा, कडेला चार ठिकाणी आत दाबल्यासारखा. शब्दशः अर्थ लाकूड-खरबूज असा काहीतरी विचित्र होतो पण आकार डोळ्यासमोर येतो, आडवं कापलेलं फळ. सोळाव्या शतकातला मोठा सरदार ओदा नोबुनागा, त्याच्या घराण्याचं चिन्ह पण मोक्कोच, फक्त पाच पाकळ्यांचं. काकु म्हणजे चौकोन, आणि कोपरे हात फिरवून गोल केलेला चौकोन तो नादे-काकु, नादे म्हणजे कुरवाळणं, इतकं गोड नाव शस्त्राच्या भागाला. आओरी वर अरुंद आणि खाली रुंद, कोपरे गोलसर. मला हा आकार आधी कळतच नव्हता, मग आजोबांनी एका जुन्या चित्रात घोडा दाखवला, त्याच्या खोगिराखाली दोन्ही बाजूंना चामड्याचे मोठे तुकडे लोंबतात, चिखल उडू नये म्हणून, त्यांना आओरी म्हणतात. तोच आकार. एकदा घोडा बघितला की परत चुकत नाही.

आणि मग आओई. हा जुन्या ताची तलवारींवर, म्हणजे धार खाली करून लटकवायच्या तलवारींवर दिसतो, आणि यालाच ते प्रसिद्ध हार्ट असतात, चार कोपऱ्यांत चार. ते हार्ट नाहीत हो. त्याला म्हणतात इनोमे, रानडुकराचा डोळा. देवळांच्या छपरांवर, चिलखतावर सगळीकडे असतो, वाईट गोष्टींपासून राखण म्हणून. तर सामुराई रोमॅंटिक होता की नाही ते माहीत नाही, पण हा डुकराचा डोळा आहे. अजून एक आकार आहे शितोगी, समारंभाच्या तलवारींवरचा, अगदी छोटा आणि चपटा, त्याचं नाव देवाला दाखवायच्या तांदळाच्या पिठाच्या नैवेद्यावरून पडलंय. आणि कोबुशी, म्हणजे मूठ, बोटं मिटल्यावर कडेला जे उंचसखल होतं तसा ओबडधोबड. हा बघितला की लोकांना लगेच कानेइए आठवतो. क्योटोजवळच्या फुशिमीचा हा कारागीर, लोखंडावर डोंगर, नदी, झाडाखालचा माणूस असं खरंखुरं चित्र पहिल्यांदा आणणारा म्हणून त्याला मानतात. त्याची नक्कल इतकी झालीय की सही दिसली की आधी शंका घ्यायची.

एक मात्र आहे, आकारावरून काळ सांगायला जाऊ नका. गोल त्सुबा पंधराव्या शतकातही करायचे आणि एकोणिसाव्यातही. आकार तुम्हाला दिशा देतो, पत्ता देत नाही.

कड कशी आहे ते पण बघायचं, सपाट, गोल, बांधासारखी उचललेली, का वरून दुसऱ्या धातूची पट्टी चढवलेली. जुन्या चिलखतकारांच्या त्सुब्यांची पाटी पातळ आणि कड उचललेली असते. बाकी यावर मी फार रमत नाही, खरं सांगायचं तर मला कडा बोअर होतात.

आता माझी फजिती. पहिला त्सुबा मी एका जुन्या बाजारात घेतला, नाव नाही सांगत, सहा हजार येनला, गोल, उडणारे बगळे, सुंदर जाळी. विकणारा म्हणाला एदो काळातला, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातला. मी उड्या मारत आजोबांकडे. त्यांनी तो बोटाच्या टोकावर तोलून नखाने टिचकी मारली, ठप्प असा आवाज आला. मग स्वतःच्या डब्यातला एक तसाच तोलून मारली, तो देवळातल्या छोट्या घंटेसारखा वाजत राहिला. मग भिंग दिलं आणि म्हणाले जाळीच्या आत बघ, भोकांच्या भिंती. पुढून सगळं गुळगुळीत होतं पण आतल्या भिंतींवर बारीक दाणे आणि मधोमध एक अस्पष्ट रेघ. साच्यात ओतलेला. घडवलेल्या त्सुब्यात आत करवतीच्या नाहीतर कानशीच्या खुणा दिसायला हव्यात. आवाजावर एकट्यावर विसंबू नका असं ते म्हणाले, पण आतली भिंत सहसा खोटं बोलत नाही, कारण तिथे कोणी फिनिशिंग करायला जात नाही. सहा हजारात शिकवणी झाली असं मी मनाची समजूत घातली. तो त्सुबा आता पेपरवेट आहे. आईने तोच उचलला होता चकती म्हणून, हे पण एकाअर्थी बरोबरच झालं म्हणायचं, दोघंही साच्यातलेच.

आणि दुसरी सूचना, घासू नका!! आपल्याकडे काळं पडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात, चिंच आणा, लिंबू आणा, राख आणा. लोखंडी त्सुब्याचा तो काळसर तपकिरी रंग मुद्दाम आणलेला असतो आणि शेकडो वर्षं हात लागून तो चमकतो. लाल गंज वेगळा, तो हाडाच्या नाहीतर बांबूच्या तुकड्याने हळूहळू खरवडतात आणि मग नुसत्या सुती कापडाने महिनोन् महिने पुसत राहतात. हिगो प्रांतातल्या म्हणजे आजच्या कुमामोतोतल्या त्सुब्यांच्या रंगाला तर ते योकान म्हणतात, लाल चवळीसारख्या कडधान्याची जी काळपट वडी असते त्यांच्याकडे तिच्या नावावरून. मला तो रंग काकवीसारखा वाटतो.

लोखंड सोडून दुसरा मोठा वर्ग मऊ धातूंचा. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं, साधारण 3 ते 5 टक्के, आणि मग रसायनात उकळून त्याला येतो निळसर काळा रंग, जपानी लोक त्याला भिजलेल्या कावळ्याच्या पंखाचा रंग म्हणतात. सोनं घालून काळं करायचं, विचार करा! शिबुइची म्हणजे चौथा हिस्सा, तांब्यात चांदी, करडा रंग. शाकुदोच्या पाटीवर बारीक बारीक गोल दाणे उठवतात एकेक ठोका देऊन, त्याला नानाको म्हणतात, म्हणजे माशाची अंडी. कोकणातल्या कोणालाही दाखवलं तर एका शब्दात सांगेल, गाबोळी. एदोच्या म्हणजे आजच्या टोकियोच्या किल्ल्यावर औपचारिक हजेरी लावताना असे काळे गाबोळीवाले अलंकार लागायचे, आणि या कामात गोतो घराण्याचा दबदबा होता, गोतो युजो (1440 ते 1512) पासून पार मेइजी काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, पिढ्यान् पिढ्या. सिंह, ड्रॅगन, सगळं अगदी नियमात. मला विचाराल तर जरा सरकारी वाटतं. लोखंडात सोनं बसवायची जपानी लोकांची एक पद्धत आहे नुनोमे, लोखंडावर कापडाच्या विणीसारख्या आडव्याउभ्या बारीक रेघा मारायच्या आणि त्यावर सोन्याचा पत्रा ठोकायचा. हे म्हणजे थेट आपली कोफ्तगारी, आपल्याकडच्या तलवारींच्या मुठींवर असते तीच युक्ती.

जाळीचे लोखंडी त्सुबे मात्र माझा जीव की प्राण. याला सुकाशी म्हणतात आणि यात दोन प्रकार आहेत, एक म्हणजे चित्राचा आकार कापून काढायचा, चित्र म्हणजेच भोक, आणि दुसरा म्हणजे चित्र ठेवून बाकी सगळं कापून काढायचं. सगळं भोक, चित्र तेवढं लोखंड. क्योटोची जाळी बारीक, नाजूक रेघांची, सगळं कसं अलगद. ओवारीची म्हणजे आम्ही राहायचो त्या नागोयाच्या बाजूची, रेघ जाड, डावी बाजू उजवीसारखी, आणि कडेला नीट बघितलं तर लोखंडात गाठी दिसतात, तेक्कोत्सु, म्हणजे लोखंडाची हाडं. वेगवेगळ्या कडकपणाचं लोखंड एकत्र घडवलं की कडक भाग असे वर राहतात. पहिल्यांदा मला ते खराब काम वाटलं होतं. आजोबा म्हणाले, याच्यासाठीच पैसे देतात.

हिगोच्या जाळीमागे एक माणूस आहे, होसोकावा तादाओकी, सान्साई नावाने ओळखतात (1563 ते 1646). हा सरदार म्हणजे जपानी चहा-समारंभाचा गुरू सेन नो रिक्यू याचा शिष्य, त्यामुळे त्याने पदरी ठेवलेल्या कारागिरांच्या कामात तो चहाच्या खोलीतला साधेपणा उतरला. मियामोतो मुसाशी शेवटी याच होसोकावांच्या आश्रयाला कुमामोतोत येऊन राहिला, आणि त्याच्या नावावर एक डिझाइन चालतं, दोन बाजूंना दोन लांबट गुबगुबीत भोकं, बस, बाकी काही नाही. त्या भोकांना नामाको म्हणतात, समुद्रकाकडी. इतका मोठा तलवारबाज आणि नक्षी म्हणून काय तर दोन समुद्रकाकड्या.

आता चित्रं, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचलंत.

सोपी चित्रं आधी. चतुर, म्हणजे तो उडणारा किडा, याला जुन्या भाषेत काचिमुशी म्हणायचे, जिंकणारा किडा, कारण तो पुढेच उडतो, मागे सरत नाही अशी समजूत. गोम पण असते, ती बिशामोनतेनची दूत, आणि बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. हे असं सतत होत राहतं, तुम्ही जपानी देव उलटा केला की खाली आपला निघतो. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, त्यांच्याकडे पोतं आणि हातोडा घेतलेला हसरा जाडा बाबा झालाय. फुदो म्योओ म्हणजे बौद्धांचा अचल, त्याचं बीजाक्षर "हां" सिद्धम् लिपीत तलवारींवर कोरलेलं असतं, कधी त्सुब्यांवरही असतं, जपानी लोक त्याचा उच्चार "कान" करतात. पहिल्यांदा ते अक्षर बघितलं तेव्हा मला जवळजवळ वाचता आलं आणि आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वस्तिक पण दिसेल, मांजी म्हणतात, दचकू नका, ते बौद्ध आहे आणि आवा प्रांताच्या हाचिसुका घराण्याचं तर निशाणच होतं.

लाटांवर धावणारा ससा बघितलाय? हे मला सगळ्यात आवडतं. समुद्रात ससा कसा? तर बिवा सरोवरात चिकुबुशिमा नावाचं बेट आहे, त्यावरच्या एका नो नाटकात (नो म्हणजे त्यांचं जुनं संगीतनाट्य) ओळ येते की चंद्र पाण्यावर उतरला की ससाही लाटांवरून धावतो. कारण ससा चंद्रात राहतो. आणि तो चंद्रात का राहतो हे मराठी माणसाला सांगायला नको, आपण चंद्राला शशांक उगाच म्हणत नाही, जातककथेतला ससा बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोचला. आणि त्या बेटावर देऊळ कोणाचं? बेनझाइतेनचं. म्हणजे सरस्वती. त्सुब्यावर चंद्र नसतो, बेट नसतं, सरस्वती नसते, नुसता ससा आणि लाटा, बाकी सगळं बघणाऱ्याने आणायचं.

यालाच पुढे नेलं की येतं रुसु-मोयो. रुसु म्हणजे घरी कोणी नसणं, मोयो म्हणजे नक्षी. गोष्टीतला माणूस काढून टाकायचा आणि त्याच्या वस्तू ठेवायच्या. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नागमोडी टाकलेल्या फळ्यांचा पूल आणि आयरिसची फुलं. हे आहे यात्सुहाशी. इसे मोनोगातारी या जुन्या कथाग्रंथात एक माणूस, तो कवी नारिहिरा असं मानतात, राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला असतो, आठ फळ्यांच्या पुलापाशी जेवायला थांबतो, फुलं बघतो, त्या फुलाच्या नावातली अक्षरं ओळींच्या सुरवातीला घेऊन मागे राहिलेल्या बायकोच्या आठवणीत कविता करतो आणि बरोबरचे सगळे रडतात, इतके की पुढ्यातला वाळवलेला भात भिजून फुगतो. त्सुब्यावर कवी नाही, बायको नाही, रडणारे नाहीत. फळ्या आणि फुलं. आणि ही जागा आमच्यापासून ट्रेनने वीस मिनिटांवर होती, चिर्यू शहरात, देवळाच्या बागेत मे महिन्यात ती जांभळी फुलं असतात. ऑनसाइटला आलेली, घरापासून लांब, हातात डबा घेऊन मी तिथे बसले होते. भात वाळवलेला नव्हता, मसालेभात होता, भिजला नाही पण जरा खारट लागला.

पण सावधान, प्रत्येक आयरिस म्हणजे हा कवी नव्हे. पूल असेल तर तो काकित्सुबाता, म्हणजे त्या कवितेतला आयरिस. पूल नसेल आणि तलवारीसारखी लांब उभी पानं दाखवली असतील तर बहुतेक शोबु, आणि शोबु हा उच्चार लढाऊ वृत्ती या शब्दाचाही आहे, म्हणून योद्ध्याला हवा. म्हणजे एकच दिसणारं फूल, एकात विरह आणि एकात युद्ध, आणि फरक काय तर फळी.

अशीच गफलत क्रॉसची. गोलात क्रॉस दिसला की विकणारे लगेच "गुप्त ख्रिश्चन" म्हणून किंमत तिप्पट करतात. गोलातला क्रॉस हे सात्सुमाच्या शिमाझू घराण्याचं निशाण आहे, त्यांचा तो क्रॉस ख्रिश्चन जपानात यायच्या कितीतरी आधीपासूनचा. गंमत म्हणजे फ्रान्सिस झेवियर 1549 साली जपानात पहिल्यांदा उतरला तो कागोशिमालाच, याच शिमाझूंच्या मुलखात. त्याच्या बरोबर आंजिरो नावाचा जपानी माणूस होता ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. जुन्या गोव्यात बॉम जेझूत झेवियरचं शव बघायला आपण सगळे लहानपणी गेलोय, पण तिथून दरवर्षी मलाक्का, मकाव करत नागासाकीपर्यंत जहाज जायचं हे मला नागोयात जाऊन कळलं. त्या वाटेने जे काही तिकडे गेलं त्याला जपानी लोक नानबान म्हणायचे, दक्षिणेचे रानटी. म्हणजे पोर्तुगीज, आणि त्यांच्या मागोमाग आपणही म्हणा. नानबान त्सुबे असा एक प्रकारच आहे, वेलबुट्टीची एकमेकांत गुंतलेली दाट जाळी, मधे समोरासमोर ड्रॅगन, वॉशर टेकायची जागा चौकोनी. नाव नानबान असलं तरी यातले बरेच पोर्तुगीजांना 1639 मधे हाकलल्यानंतरचे आहेत आणि त्यांच्यावर चिनी आणि डच वळण जास्त दिसतं. त्यामुळे "गोव्याहून आलेला त्सुबा" असं कोणी विकत असेल तर हसून पुढे जायचं, मी पण एकदा भावनेच्या भरात घेणार होते.

हे सगळं संपलं कसं तर 1876 साली. मेइजी सरकारने तलवार घेऊन फिरायलाच बंदी घातली आणि एका दिवसात त्सुबा निरुपयोगी. काही कारागीर परदेशी लोकांसाठी फुलदाण्या करायला लागले. कानो नात्सुओ (1828 ते 1898) हा त्यातला बहुधा सगळ्यात मोठा, त्याने बंदीच्या आधीच सरकारसाठी नव्या येनच्या नाण्यांचं डिझाइन केलं होतं. आणि डब्यांतले जुने त्सुबे युरोप-अमेरिकेत पोत्याने गेले, म्हणून आज बॉस्टन आणि लंडनच्या म्युझियममधे ढिगाने आहेत.

परत आल्यावर मी सिंहगड रोडच्या पु. ल. उद्यानात पहिल्यांदा गेले तेव्हा लक्षात आलं की ही बाग ओकायामाच्या बागेवरून केलीय, आणि ओकायामा म्हणजे जुना बिझेन, ओसाफुने गावातले तलवारकार तिथलेच. तिथे बेंचवर बसून शेंगदाणे खाणाऱ्या कोणालाही हे सांगावंसं वाटतं, पण नाही सांगत.

निघताना आजोबांनी एक त्सुबा दिला. लोखंडी, मोक्को, उभा 7.6 सेंटिमीटर. डावं भोक शिशाने बुजवलेलं, उजवं तीन फुगवट्यांचं उघडं, मधे तांब्याचे तीन तुकडे (तोच तो, दोनदा-तीनदा घर बदललेला). सही नाही. चित्र म्हणजे गवताची टोपी आणि गवताचा रेनकोट, बस. माणूस नाही. मी विचारलं कोण गेलंय यातून, तर म्हणाले तूच शोध. एक शक्यता म्हणजे काकुरेमिनो, सात भाग्यदेवतांच्या खजिन्यातला जादूचा रेनकोट, तो घातला की माणूस दिसेनासा होतो. मग तो गेला नाहीये, इथेच आहे, दिसत नाही एवढंच. किंवा कुठल्यातरी कवितेतला पावसातला वाटसरू. मी दोन वर्षं यावर वाचतेय.

आईला दाखवला. तिने चष्मा लावला, टोक वर धरायचं एव्हाना तिलाही कळलंय. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगं हे इरलं आहे. लावणी करून आलाय तो, बाहेर टांगून ठेवलंय. आत जेवायला बसला असेल."